जिथे माहीत नाही, तिथे पांढरं

बोट दिपेशची आणि परवाना कृतिकाचा. मढवींच्या घरात वर्षभर जे काही झालं, ते एवढ्यावरून झालं.

कळव्याच्या मढवींची आजोबांची पिढी मिठागरात राबली. वडील गोपीनाथ यांनी तरुणपणी खाडीत होडी वल्हवली. मग जमिनीवर इमारती उठल्या, मढवींकडे भाड्याचे फ्लॅट आले आणि खाडी गॅलरीतून बघायची गोष्ट झाली. थोरल्या दिपेशला ती पुन्हा जवळून बघावीशी वाटली. त्याने वापरलेली, केबिनवाली फायबरची मोटरबोट घेतली आणि खाडीपलीकडे कोलशेतच्या बाजूला धक्क्यावर बांधली. बोट चालवायच्या परवान्याच्या वर्गाला तो दोन रविवार गेला. त्याला सोबत म्हणून गेलेली धाकटी बहीण कृतिका शेवटपर्यंत बसली आणि परीक्षा पास झाली. परवाना तिच्या नावावर आला. दिपेश म्हणाला, "बरं झालं. घरचाच ड्रायव्हर मिळाला."

कृतिका छत्तीस वर्षांची. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे तोंडावर पडतं ते शोधायचं, हे तिचं काम. म्हणून बोटीवरच्या लॅपटॉपमध्ये खाडीचे नकाशे दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यायची वेळ आली तेव्हा दिपेश म्हणाला, "तू त्यातलीच आहेस. तूच ठरव. तू सांगशील ते घेऊ."

हे वाक्य तिने खरं धरलं.

बोटींच्या सामानाच्या दुकानातून तीन सॉफ्टवेअर आठ-पंधरा दिवस वापरून बघायला मिळाली. एक सुरू करायलाच इंटरनेट मागायचं, ते पहिल्या दिवशी बाद झालं. उरली दोन. कृतिकाने एका लांब बांबूवर रंगाने मीटरच्या खुणा केल्या आणि वडिलांना घेऊन खाडीत निघाली. ती लॅपटॉपवर बघून सांगायची, "बाबा, इथे अडीच मीटर." गोपीनाथ बांबू खाली सोडायचे. खाडीवरच्या पुलांच्या अलीकडे दोन्ही नकाशे बरे होते. पुढे मात्र कित्येक वर्षांत कोणी खोली मोजलेली नव्हती आणि रेती काढणाऱ्यांनी तळाची पार वाट लावलेली. कुठे खड्डा, कुठे ढीग. तिथे एक सॉफ्टवेअर सरळ पांढरी जागा दाखवत होतं. आकडा नाही, रंग नाही. दुसरं तिथेही सुंदर निळा रंग भरत होतं आणि आकडे देत होतं. अडीच मीटर लिहिलेल्या एका ठिकाणी गोपीनाथांचा बांबू कमरेएवढ्या पाण्यात गाळाला टेकला.

"ह्याना कोनी सांगलं अडीच?" गोपीनाथांनी विचारलं.

"कोणी नाही. आजूबाजूचे आकडे बघून त्याने मधले आपल्या मनाने भरले."

"मंग ते पांढरावालाच बरा. तो निदान गप तरी बसतंय."

कृतिकाने पांढरं निवडलं. शिवाय त्यात आपण मोजलेली खोली आपल्याला भरता येत होती. जेवणाच्या टेबलावर तिने दोन्ही पडदे दिपेशला शेजारी शेजारी दाखवले, कुठे बांबू टेकला तेही दाखवलं. दिपेश मान हलवत होता. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातल्या मयूरला घरी बोलावलं.

मयूर गळ्यात ओळखपत्र घालून आला होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मॅडम, पांढरं म्हणजे डेटाच नाही ना. निळ्यात फुल कव्हरेज आहे. स्मार्ट फिलिंग."

"ते भरलेलं खरं आहे का?"

"कंपनीने विचार करूनच दिलं असेल ना."

"मी मोजून आले आहे. खरं आहे का?"

"मॅडम, इतक्या खोलात कोणी जात नाही."

दिपेश हसला. "ऐकलंस? खोलात कोणी जात नाही म्हणे." मग पडद्याकडे बघत म्हणाला, "हे बघ, बोटीवर चार माणसं येणार. त्यांना काय अर्धा कोरा नकाशा दाखवू? भिकारी वाटतं ते."

निळं आलं. कृतिका चार दिवस घरात धुमसत होती. आपलं ऐकलं नाही एवढ्याचा तो राग नव्हता. ऑफिसात तिचं म्हणणं रोज कोणीतरी डावलतं आणि ती दुसऱ्या कामाला लागते. पण तिला विचारून, पंधरा दिवस राबवून, वडिलांना बांबू धरायला लावून, शेवटी रंग बघून निवड करायची, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि त्या रंगाच्या भरवशावर बोट चालणार ती तिच्या परवान्यावर.

पुढच्या रविवारी दिपेशचे सासरे, डोंबिवलीचे बाबुराव, बोटीवर यायचे होते. कृतिका म्हणाली, मी येणार नाही. रात्री गोपीनाथ तिच्या दाराशी आले. "व्याह्यांसमोर शोभा नको गो. एकडाव सांभालून ने. तुना मोजलंय तेवढ्यातच फिरव." ज्यांनी स्वतः बांबू धरला होता तेच सांगत होते. ती गेली. गोपीनाथही सोबत आले.

पुलांपर्यंत सगळं ठीक होतं. ओहोटी लागलेली. बाबुराव टोपी सांभाळत म्हणाले, "जावईबापू, ती तिवरं जरा जवळून बघू या की."

दिपेशने पडद्यावर बोट ठेवलं. "घे डावीकडे. अडीच मीटर आहे."

"तिथलं मी मोजलेलं नाही," कृतिका म्हणाली. "आणि पाणी उतरतंय."

"नकाशात आहे ना."

"नकाशात काहीही आहे."

"तुला जमत नसेल तर दे इकडे." त्याने तिच्या हातावर हात ठेवून सुकाणू ओढलं. पाहुण्यांदेखत झोंबाझोंबी नको म्हणून तिने हात सोडला. आपण तो का सोडला, याचा राग तिला पुढे दिपेशवरच्या रागापेक्षा जास्त दिवस पुरला.

बोट तिवरांकडे वळली, थोडी धावली आणि मऊसर काहीतरी लागल्यासारखी थांबली. दिपेशने इंजिनाचा जोर वाढवला तसा पंख्याने काळा गाळ वर काढला आणि वास सुटला. मग पाणी हळूहळू निघून गेलं आणि बोट एका अंगावर कलली. घोडबंदर रोडचे टॉवर समोर होते. गॅलऱ्यांतून माणसं मोबाइल धरून बघत होती. पडद्यावर बोटीचं छोटंसं चित्र निळ्याशार पाण्यात तरंगत होतं.

दिपेशने मयूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सर, स्क्रीनवर काय दाखवतंय?"

"अडीच मीटर."

"मग बरोबर चाललंय सर."

बाबुरावांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यावर नेलं.

भरती लागायच्या आधी गस्तीची बोट आली. ती लांब, खोल पाण्यातच थांबली. त्यातला एक जण ओरडून म्हणाला, "कोण चालवत होतं?"

दिपेशने क्षणभरही वेळ घेतला नाही. "ही. परवाना हिच्याकडे आहे."

कृतिकाने त्याच्याकडे बघितलं. मग वडिलांकडे. गोपीनाथ खाली गाळाकडे बघत होते. बाबुरावांना अचानक तिवरांत एखादा पक्षी दिसला असावा. "नाव सांगा मॅडम," पलीकडून आवाज आला. तिने नाव सांगितलं. भावाला त्या क्षणी खोटं पाडलं असतं तर तो पडला असता. पण बोलायला लागले तर आवाज फुटेल, आणि आवाज फुटला की सगळ्यांना बाईच चालवत होती, म्हणून रुतली, असं वाटेल, हे तिला ठाऊक होतं. भरती आली, बोट सुटली, तिनेच ती धक्क्याला आणली.

दहा-बारा दिवसांनी तिला परवाना देणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. पाहुण्यांसह बोट गाळात घातल्याबद्दल परवाना का रोखू नये, ते येत्या सोमवारी येऊन सांगावं. दिपेशने ते वाचलं आणि म्हणाला, "फॉर्मॅलिटी असते. सॉरी म्हणायचं नि सुटायचं."

"कशाबद्दल सॉरी?"

"अगं, झालं ते झालं. मी काय मुद्दाम केलं?"

त्या आठवड्यात त्याने गुपचूप निळं काढून पांढरं टाकून घेतलं. कृतिकाला ते कळलं शनिवारी, चुलतभावाच्या हळदीत. मांडवात डीजे दणाणत होता. बाबुराव दोन-तीन पाहुण्यांना घेऊन बसले होते आणि मोठ्या आवाजात सांगत होते, "आमच्या जावईबापूंची निवड म्हणजे निवड. नवीन सॉफ्टवेअर आणलंय. जिथे खोली माहीत नाही तिथे पांढरंच सोडतं. थापा नाहीत. एकदा फसले, पण लगेच ओळखलं त्यांनी." दिपेश शेजारी उभा होता. नाही म्हणाला नाही. उलट मान हलवून म्हणाला, "आपण सगळं तपासून घेतो."

चूक झाली तेव्हा परवाना तिचा होता. निवड बरी ठरली तेव्हा निवड त्याची झाली. कृतिकाच्या हातात हळदीची वाटी होती, ती तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि त्या घोळक्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, सोमवारी मी तिकडे सांगणार आहे, सुकाणू तुझ्या हातात होतं."

दिपेशने आधी पाहुण्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "घरातली गोष्ट बाहेर नेणार तू?"

"बाहेर तूच नेलीस. भर खाडीत, ओरडून."

"आणि तुझं कोण ऐकणार? तुझ्याच परवान्यावर बोट होती."

"म्हणून तर बोलावलंय मला." ती बाबुरावांकडे वळली. "काका, तुम्ही तिथे होतात. याल?"

बाबुरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पोरी, लग्नकार्यात हे कशाला..."

"म्हणजे येणार नाही," कृतिका म्हणाली. "ठीक आहे."

गोपीनाथ मागेच बसले होते. त्यांच्या दोन्ही गालांना हळद लागलेली होती. कृतिकाने त्यांना काही विचारलं नाही. बोटीत एकदा न विचारता बघितलं होतं तिने त्यांच्याकडे, तेवढं पुरे होतं. ती मांडवाबाहेर निघाली.

"किती वाजता जाचं हाय सोमवारी?" मागून गोपीनाथांनी विचारलं.

दिपेश म्हणाला, "बाबा, तुम्ही यात पडू नका."

"मी त्या बोटीतच होतू," गोपीनाथ म्हणाले. "आनखी कवढा पडू?"

कृतिका थांबली, पण वळली नाही. "अकरा वाजता," ती म्हणाली. "आणि जे बघितलंत तेवढंच सांगायचं. माझ्या बाजूने एक शब्द जास्त नको."