प्लॅस्टिकच्या विटांचा घाणा

इस्रायलमधल्या अश्दोद बंदरावर जहाजांच्या एका एजंटाच्या कचेरीत मी इंग्रजी टायपिस्ट होते. शाळा ठाण्यातली, इंग्रजी माध्यमाची, मराठी घरातली, हिब्रू उल्पानच्या, म्हणजे देशात नव्याने आलेल्यांच्या, वर्गात शिकवली तेवढी. तीन भाषा येत असून मी तिन्हींत गप्प असे. आई पाहुण्यांना सांगायची, "हिला काही विचारू नका. ही फक्त बघते."

बघण्यासारखी कचेरीत एकच गोष्ट होती. हिशेब सांभाळणाऱ्या बाईंच्या टेबलावर एक क्रेन उभी असे, मुलांच्या खेळातल्या प्लॅस्टिकच्या विटांची. लाल-पिवळी, वीतभर उंच, दोऱ्याला लोंबणारा हूक. बाई रुमानियातून आलेल्या, पन्नाशीच्या, बोलायला तिखट. एक दिवस त्यांनी मला क्रेनकडे टक लावून बघताना पकडलं.

"काय बघतेस? बोल की."

"शिडी दुसऱ्या बाजूला असते," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्यावर खऱ्या क्रेन रांगेने उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. "इतके महिने सगळी कचेरी येते आणि 'किती गोड' म्हणून जाते," त्या म्हणाल्या. "मंगळवारी संध्याकाळी मोकळी आहेस ना?"

मंगळवारी त्या मला एका इमारतीखालच्या मिक्लातमध्ये घेऊन गेल्या. बॉम्ब पडू लागले तर जीव वाचवायला इथे बहुतेक इमारतींखाली अशी खोली असते. एरवी लोक तिथे सायकली आणि जुन्या गाद्या ठेवतात. इथे सायकलींच्या पलीकडे एक लांब टेबल होतं, आणि त्याभोवती मोठी, कमावती माणसं लहान मुलांच्या विटा एकमेकींवर दाबत बसली होती. अर्जेंटिनाचे एक दातांचे डॉक्टर, मोरोक्कोतून आलेला एक बस ड्रायव्हर, आमच्या बाई, आणखी दोघं-तिघं. विटा महाग, परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवलेल्या, म्हणून सगळ्यांच्या एकत्र. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या जुन्या ट्रेंमध्ये त्या रंगाप्रमाणे लावून ठेवलेल्या असत.

त्यांचे नियम ठरलेले होते. डिंक लावायचा नाही, वीट कापायची नाही. दुसऱ्याला विटा हव्या असतील तर दाखवून झालेलं काम मोडायचं. आणि ज्या नियमासाठी मी पुढच्या मंगळवारीही गेले तो असा: आपण केलेली वस्तू टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायचं. आधी बाकीचे बोलणार, उचलून बघणार, नावं ठेवणार. त्यांचं संपेपर्यंत करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

"डॉक्टर, हा पूल कशाच्या आधारावर उभा आहे?" ड्रायव्हर विचारायचा.

डॉक्टर नियमाप्रमाणे गप्प.

"श्रद्धेच्या," आमच्या बाई म्हणायच्या.

"मग माझी बस यावरून जाणार नाही. माझे निम्मे उतारू नास्तिक आहेत."

मी सुरुवातीला लहान लहान गोष्टी केल्या. गच्चीवरची पाण्याची टाकी. आमच्या जिन्यातल्या टपालाच्या पेट्या, त्यातल्या एकीचं दार मोडकं. लोकांना त्या आवडायच्या. मग हनुक्का या यहुदी सणाच्या सुट्टीत मतनासमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या सार्वजनिक केंद्रात, सगळ्यांची कामं मांडायचं ठरलं आणि ड्रायव्हरने माझ्याकडे मोर्चा वळवला.

"मोतेक," तो म्हणाला; हिब्रूत लाडाने असं म्हणतात. "टपालपेट्या पुरे झाल्या. तू कुठून तरी आली असशील ना? तिथलं काही कर."

आमचं आडनाव म्हणजे अलिबागकडच्या एका गावाचं नाव. आडनाव सोडून त्या गावाचं आमच्या घरात काही उरलं नव्हतं. लहानपणी मी एकदाच तिथे गेले होते. आमच्या जुन्या घराच्या पडवीमागे घाण्याचं लाकडी उखळ अर्धं जमिनीत गाडलेलं होतं. त्यात पाणी साठलं होतं आणि कोंबड्या कडेवर चढून ते पीत होत्या. पप्पा म्हणाले, "चल, चल, बस चुकेल." बसला अजून बराच वेळ होता.

कोकणात आमच्या यहुदी लोकांना शनवार तेली म्हणत. तेल गाळायचे म्हणून तेली, आणि शनिवार धर्माने विश्रांतीचा, त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार. हे मला पप्पांनी नाही, आईने सांगितलं. घाणा करायचा असं मनात आल्यावर मी तिलाच विचारलं, कारण फिरता घाणा मी कधी पाहिला नव्हता. तिने कांदा चिरता चिरता सुरी खाली ठेवली आणि खलबत्ता पुढे ओढला.

"हे उखळ. आणि ही लाट." तिने बत्ता तिरपा धरला. "सरळ नाही, अशी कलती. हिचं वरचं टोक आडव्या फळीला बांधलेलं, आणि फळीला बैल. बैल फिरला की फळी फिरते, आणि लाट आत घासत जाते. तीळ असो, खोबरं असो, तेल सुटतं. मामाकडे होता आमच्या. पण तुझ्या पप्पांना नको सांगूस हां मी दाखवलं म्हणून."

सगळी अडचण त्या कलत्या लाटेत होती. विटांना तिरपं काही कळत नाही. त्या एक तर उभ्या, नाही तर आडव्या. मी बिजागरीचे तुकडे लावून पाहिले, ते निखळले. शेवटी ड्रायव्हरने बसच्या गिअरचा दांडा कसा बसतो ते हाताने हवेत दाखवलं. "खालून अडकवू नकोस. नुसती टेकू दे." टेकवल्यावर लाट खरोखर कलली. टेबलाच्या कडेला मूठ, तिला दाते असलेली चाकं, त्यांवर फिरणारी फळी, फळीला पांढरा बैल, त्याच्या डोळ्यांवर काळ्या विटांची झापडं. मूठ फिरवली की बैल चालायचा. पण एखादा फेरा झाला की लाट उडी मारून उखळाबाहेर पडायची. पुन्हा बसवायची, पुन्हा बाहेर.

तरी डॉक्टरांनी सांगून टाकलं की हनुक्का म्हणजे तेलाचा सण, तेव्हा माझं काम दाराजवळच्या पहिल्या टेबलावर राहील. मग घरी सांगणं भाग पडलं.

पप्पा मुंबईत एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. अश्दोदला बंदराच्या गोदामात स्टोअरकीपर होते, पण शर्टाला इस्त्री मुंबईचीच. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"तुला दुसरं काही सुचलं नाही? गेटवे कर, राजाबाई टॉवर कर. घाणा?"

"पोरीने हौसेने केलंय," आई म्हणाली.

"तू गप. घाण्यापासून सुटावं म्हणून माझ्या बापाने मला इंग्लिश शाळेत घातलं. इथे आलो तर लग्नाच्या वेळी इथल्या धर्मगुरूंनी माझ्या भावाला विचारलं, तुम्ही यहुदी कशावरून? आता ही मतनासच्या दारात मांडणार, की बघा, आम्ही तेली! आपली सगळी माणसं येणार तिथे. तो समोरच्या ब्लॉकमधला येणार."

समोरच्या ब्लॉकमधले काका मुंबईत पप्पांच्या हाताखाली होते आणि इथे त्यांच्या बरोबरीने. थट्टा करायची एकही संधी ते सोडत नसत.

"मग मी काढून घेते नाव," मी म्हटलं. मला रडू येत होतं, पण ते दाखवायचं नव्हतं. आणि त्याहून मोठी अडचण ही होती की मिक्लातमधल्या माणसांसमोर हे बोलणं मला जमणार नव्हतं. "पण त्यांना तुम्ही सांगा, पप्पा. मला नाही सांगता येणार."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय येतं आणि काय नाही हे ते जन्मापासून ओळखून होते. "बरं," ते म्हणाले. "सभ्यपणे सांगू."

त्या मंगळवारी त्यांनी कोट घातला. वाटेत ते इंग्रजीतलं भाषण पुटपुटत होते. माझी मुलगी आपल्या सर्वांची आभारी आहे, परंतु काही घरगुती कारणांमुळे, वगैरे.

मिक्लातमध्ये डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, ड्रायव्हरने पुदिन्याचा चहा दिला. भाषणाला तोंड फुटायच्या आत आमच्या बाईंनी घाणा टेबलाच्या मध्ये सरकवला. "प्रदर्शनाआधीची शेवटची तपासणी. मुलगी गप्प बसेल. पाहुण्यांना नियम नाहीत."

कोपऱ्यातल्या एका नव्या माणसाने विचारलं, "ही विहीर आहे का?"

"जत्रेतलं चक्र असेल," दुसरा म्हणाला.

"एकाच बैलासाठी चक्र? श्रीमंत बैल दिसतोय," आमच्या बाई म्हणाल्या.

ड्रायव्हरने मूठ फिरवली. बैल निघाला. लाट कलली, एक फेरा नीट गेली आणि टुणकन टेबलावर पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. पप्पा चहाचा ग्लास हातात धरून बघत होते. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"अगं, वजन कुठाय?" ते मला मराठीत म्हणाले.

"कसलं वजन?"

"फळीवर! रिकामी फळी फिरवून तेल निघतं का कधी? लाट उडणारच. दाब नको वरून?" त्यांनी खिशातून गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फळीच्या टोकाशी ठेवला. "आता फिरव."

ड्रायव्हरला शब्द कळले नाहीत, पण हात कळला. त्याने मूठ फिरवली. लाट उखळाला घट्ट टेकून घासत गेली. एक फेरा, दुसरा, मग आम्ही मोजलंच नाही. प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर घासून बारीक करकर येत होती. पप्पा मान किंचित तिरपी करून ती ऐकत होते.

"काय म्हणाले ते?" डॉक्टरांनी विचारलं.

मी गप्प बसायचं होतं. पण दुसरं सांगणारं कुणी नव्हतं. "ते म्हणतात, वजन हवं," मी हिब्रूत म्हटलं. "हा तेलाचा घाणा आहे. माझ्या आजोबांचा."

"आणि वजन म्हणून काय ठेवायचे? दगड?" डॉक्टरांनी विचारलं.

मी पप्पांना विचारलं. "दगड असायचे. नाही तर पोर बसवायचे," ते म्हणाले. मग खाली बघत, "मी बसायचो. सुट्टीत गेलो की. फिरून फिरून झोप लागायची. एकदा पडलो, तर बैल आपोआप थांबला."

मी ते सगळं हिब्रूत सांगितलं. मध्ये दोन शब्द अडले, ते आमच्या बाईंनी पुरवले. इतकं लांब मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते. माझा आवाज मला जरा जाडच वाटला.

ड्रायव्हर एकदम उठला. "आमच्याकडे खेचर होतं! जैतुनाचं तेल, डोंगरात, आजोबांचं. आणि माझा बाप शहरात सगळ्यांना सांगायचा की आम्ही व्यापारी. व्यापारी! अंगाला तेलाचा वास येणारा व्यापारी." तो स्वतःच मोठ्याने हसला. "यांना विचार, शनिवारी काय करायचे? आमचं खेचर शुक्रवारी दुपारी स्वतःच तबेल्याकडे चालू लागायचं."

मी विचारलं. पप्पांनी या वेळी माझी वाट पाहिली नाही. आपल्या मोडक्यातोडक्या हिब्रूत ते स्वतःच म्हणाले, "शनिवारी बैल अंगणात. गावातले लोक घाण्याचा आवाज नाही, म्हणून ओळखायचे, आज शनिवार."

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "हे पाटीवर लिहून दारात लावायला हवं."

"पाटी नको," पप्पा इंग्रजीत म्हणाले. त्यांचं भाषण कोटाच्या खिशातच राहिलं. घरी जाताना बसस्टॉपजवळ ते म्हणाले, "किल्ल्या मला लागतात. फळीवर पोर बसव एखादं. जड बघून."

छोट्या विटांचं पोर हलकं झालं असतं. शेवटी डॉक्टरांनी दवाखान्यातली शिशाची गोळी दिली, ती विटांच्या पोकळ पोटात बसवली. निळी चड्डी, पांढरा शर्ट. पप्पांनी बघून सांगितलं की शर्ट कुठला, उघडाच असायचो, पण असू दे.

हनुक्काच्या सुट्टीत मतनासच्या दाराजवळ मी उभी होते. सुफगानियोतच्या, म्हणजे या सणाच्या गोड वड्यांच्या, तळणाचा वास सगळीकडे पसरला होता. मुलं रांग लावून मूठ फिरवत होती आणि मी प्रत्येकाला सांगत होते, हळू, याला झोप लागली आहे. पप्पा माझ्यापासून बरेच लांब, खिडकीशी उभे होते. समोरच्या ब्लॉकमधले काका आले ते थेट घाण्याशी. त्यांनी वाकून पाहिलं, वर पाहिलं, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाले,

"काय हो हेडक्लार्क! रिटायर व्हायच्या आधीच तेलाचा धंदा काढलात?"

पप्पा खिडकीपासून चालत आले.

"काढला," ते म्हणाले. "शनवारी बंद. एरवी बरणी घेऊन या."

काका मोठ्याने हसले. मग गुडघ्यांवर हात ठेवून आणखी खाली वाकले. "उखळ बाभळीचं ना हो? आमच्या आजोबांचं बाभळीचं होतं."

"तुमच्याकडेही होता?"

"मग! आमचं आडनावही तिकडच्याच गावाचं ना, काय आकाशातून पडलं? पण उखळ बाभळीचंच."

"चिंचेचं."

"चिंचेची लाट. उखळ बाभळीचं."

"अहो, मी बसलोय त्यावर!"

दोघांनी टेबल अडवून धरलं होतं आणि मागे मुलांची रांग वाढत चालली होती. एका आईने मला विचारलं, हे काय बोलतायत, अजून किती वेळ? मी तिला हिब्रूत म्हटलं, लाकूड कुठलं ते ठरतंय, जरा थांबा. आणि मग, ती थांबलीच होती म्हणून, तिला घाणा कसा चालतो ते पहिल्यापासून सांगायला लागले.