सरांच्या वर्गातली राहिलेली शंका

आज मी जो काही आहे तो आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीही झालं नव्हतं. सरांच्या वर्गात एक रीत होती. "पटलं" म्हणायचं असेल तर आधी एक शंका काढायची, आणि सरांचं उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं.

स्टोइक या ग्रीक पंथाच्या धड्याच्या वेळी मी ते टाळलं. मान खाली घालून उतरवून घेतलं. जहाज बुडालेला एक व्यापारी अथेन्सला येतो, चित्रांनी रंगवलेल्या एका ओसरीत शिकवू लागतो, त्या ओसरीवरूनच, ग्रीकमधल्या 'स्टोआ'वरून, पंथाला नाव पडतं. पुढे हा विचार रोमला पोचतो. तिथे गुलामीतून आलेला एक लंगडा माणूस तो शिकवतो आणि नंतर एक सम्राट त्याची शिकवण वाचतो. देह बांधता येतो, मन नाही, असं परीक्षेत लिहून मी पहिला आलो.

आता सर या पंथाचा इतिहास मराठीत लिहिताहेत. नजर अधू झाली आहे. ते वहीत लिहितात, त्यांच्या पत्नी, काकू, पानांचे फोटो पाठवतात आणि मी इथे दुबईत, सुट्टीच्या दिवशी देऱ्यातल्या कामगारांच्या खोलीत, वरच्या बंकवर बसून टाइप करतो. छापायला देण्याआधी मी समोर बसून सगळं वाचून दाखवायचं, असं ठरलं होतं. दिवाळीत येतो म्हणालो होतो.

दिवाळी गेली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मागायला गेलो तर ऑफिसातला माणूस म्हणाला, "हबीबी, पहले प्रोजेक्ट खलास होने दो. नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला." हे तिसऱ्यांदा. सरांना मी कळवलं, कामं फार आहेत.

खालच्या बंकवर संगमेश्वरचे एक दादा असतात, एसी दुरुस्त करतात. त्यांनी विचारलं, "काय बडवतोयस रे, फिलॉसॉफर?"

मी सरांचं वाक्य वाचलं : ज्ञानी माणसाला कैद नसते.

"असं होय? मग उद्या ऑफिसात जा नि सांग, मला कैदच नाय. देतो का बघ पासपोर्ट."

मी हसलो, पण ते वाक्य टाइप होईना. प्रकरण दोन आठवडे तिथेच अडकलं. काकूंचे निरोप येत राहिले. शेवटी मी पत्र लिहिलं.

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

कामं फार आहेत, हे खोटं होतं. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतलाय, मागूनही मिळत नाही. तुमचं एक वाक्य मी टाइप केलेलं नाही. त्याच विचारावर मला पहिला नंबर मिळाला होता, शंका न काढता. आज काढतो. पायात बेडी असलेला स्वतःला मोकळा म्हणाला तर ते त्याचं धैर्य. पण किल्ली ज्याच्या खिशात आहे तोच हे म्हणाला तर? सम्राटाला हे का आवडलं असेल?

तुम्ही सांगाल तसं टाइप करीन. छापायला माझ्यासाठी थांबू नका, असं लिहिणार होतो. लिहवत नाही. थांबा, सर. तोवर मी उभा आहे."