भरून आणलेला शाफ्ट

भांडुपच्या आमच्या गाळ्यात बाबा तीस वर्षं ग्राइंडरवर उभे राहिले. शेवटची सहा वर्षं मीही त्यांच्या शेजारी होते. त्यांनी घासलेल्या कामाला मी मायक्रोमीटर लावायचे, पण ते केवळ रीत म्हणून.

एका सकाळी बाकाखाली गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट सापडला. एका जुन्या छपाई यंत्राचा. तसा दुसरा आता कुठे मिळत नाही. मी मापला, तर बेअरिंग बसायच्या जागी तो केसाच्या जाडीइतका बारीक झाला होता.

"बाबा, हा अंडरसाइज झालाय."

ते चिंधीने हात पुसत राहिले. "चार दिवस झाले," म्हणाले. "मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नव्हत्या गं. अंदाजाने घासला."

"मग मला बोलायचं ना!"

दुसऱ्यांची बिघडलेली कामं आम्ही कितीदा हार्ड क्रोमला, म्हणजे वर धातूचा थर चढवून भरून घ्यायला, पाठवली होती. स्वतःचं पाठवायची बाबांना लाज वाटत होती.

मीच छापखान्याच्या मालकाला फोन करून खरं ते सांगितलं. "बेअरिंग घट्ट बसलं म्हणजे झालं," तो म्हणाला. मग रिक्षा केली आणि शाफ्ट घेऊन आम्ही दोघं अंधेरीला, साकीनाक्यामागच्या क्रोमवाल्या काकांकडे गेलो. काका बाबांच्या गावाकडचे. त्यांनी माप घेतलं, बाबांच्या तोंडाकडे बघितलं.

"इतको कित्याक घाबरतंस? भरून देतंय मी."

जिथे थर नको तिथे त्यांनी मेण लावलं, तांब्याच्या आकड्याला शाफ्ट टांगला आणि टाकीत सोडला. टाकीतलं पाणी गडद तांबडं, कोकमाच्या आगळासारखं. शाफ्ट त्यात हळूहळू दिसेनासा झाला. काकांनी वीज चालू केली, तसे बारीक बुडबुडे वर यायला लागले. आता तीन-चार तास काहीच करायचं नव्हतं.

आम्ही दाराशी, वाऱ्याला बसलो. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप टाकीवर पडली होती आणि त्या उजेडात वाफ संथ वळत होती. कुठून तरी एकसुरी गुणगुण येत होती. ती यंत्राची, की माझ्याच कानातली, कळेना. मला सारखं वाटत होतं, आत त्या तांबड्या अंधारात बाबांनी घासून टाकलेलं सगळं एक-एक कण करून परत येतंय. नुसतं या शाफ्टवरचं नाही, तीस वर्षांचं. बाजूला बघितलं तर बाबा भिंतीला टेकून झोपले होते. दिवसाढवळ्या झोपलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. झोपेत त्यांची बोटं मात्र हलत होती, ग्राइंडरचं चाक फिरवल्यासारखी.

शाफ्ट वर आला तो दुधाळ, राखाडी, पाहिजे त्याहून थोडा जाड होऊन. परतीच्या रिक्षात आम्ही तो दोघांच्या मांडीवर आडवा घेतला. अजून कोमट होता. पवईचा तलाव बाजूने सरकत होता.

गाळ्यात आल्यावर बाबांनी ग्राइंडर चालू केला आणि बाजूला झाले.

"तू घास."

"मी? बाबा, आता गेला तर..."

"माझे डोळे गेलेत, तुझे आहेत ना? घास."

मी कणाकणाने चाक पुढे घेतलं. दुधाळ रंग जाऊन खालून लखलखीत आरसा वर येत होता. दर खेपेला थांबून मापत होते. बाबा मागे उभे, श्वास रोखून. माप बरोबर आलं तेव्हा मी नुसती मान हलवली. त्यांनी मापून बघायला मागितलं नाही. चहा सांगायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन आला: बसलं, यंत्र चालू झालं. पुढच्या महिन्यात मुलुंडला बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना स्वच्छ दिसतं. तरीही ते लेथवर कच्चं काम करतात आणि शेवटचा हात मारायला माझ्याकडे देतात. मी एकदा विचारलं, आता का? म्हणाले, "तुझ्या हाताचं काम बघायला बरं वाटतं."