मनोऱ्यातला पितळी बुश

भंडाऱ्याच्या बाजारचौकातल्या मनोऱ्याचं घड्याळ अकरा वर्षं बंद होतं. ते माझ्या वडिलांनी सुरू केलं. मनोऱ्यासमोर त्यांचं मनगटी घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं. रोज समोर थांबलेले काटे दिसत, म्हणून त्यांनी स्वतःहून नगरपालिकेकडे परवानगी मागितली. सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी नागपूरच्या एका दैनिकाचा भंडाऱ्यातला वार्ताहर होतो.

कामात सगळा पावसाळा गेला. वडिलांनी यंत्र सुटं करून रॉकेलमध्ये धुतलं, वजनांचा गंजलेला तारदोर बदलला. मुख्य चाकाची आस ज्या कड्यात फिरते, तो बुश झिजून लांबट झाला होता. नवा बुश त्यांनी भांडी ओतणाऱ्या कारागिराकडून करून घेतला. गाव पितळेचं असताना बाहेरून कशाला आणायचा, हा त्यांचा मुद्दा. मी बातमी पाठवली. मथळा होता, 'भंडाऱ्याच्या पितळेवर घड्याळ पुन्हा चालू'. जिल्ह्याच्या पानावर वरच्या बाजूला छापून आलेली ती माझी पहिली बातमी. कारागिराने कात्रण चौकटीत घालून दुकानात लावलं.

तीन महिन्यांनी घड्याळ मागे पडू लागलं, मग थांबलं. भांड्यांचं पितळ मोडीतून ओतलेलं आणि मऊ. वडिलांचा हात मनगटी घड्याळांवर बसलेला. तिथे पितळ जन्मभर टिकतं. इथे त्याच्यावर दोन मणांचं वजन अष्टौप्रहर लटकत होतं. वडिलांनी त्याच कारागिराकडून दुसरा बुश आणला. मग तिसरा. सातव्यानंतर त्यांचे गुडघे गेले आणि मनोऱ्याच्या पायऱ्या माझ्याकडे आल्या.

दर सोमवारी चावी द्यायची, दर तिमाहीला बुश बदलायचा. दोन वर्षं मी सोमवारी भंडारा सोडला नाही. वैनगंगेला मोठा पूर आला त्या सोमवारी मी वर, यंत्रापाशी होतो. पुराची बातमी दुसऱ्या वार्ताहराने दिली. घड्याळ थांबलं की चौकातला चहावाला हाक मारी.

"का जी पत्रकार, तुमची घडी सव्वानवावर झोपली! तिच्या भरोशावर मायी तुमसरची बस गेली न!"

मग नागपूरहून पत्र आलं. उपसंपादकाची जागा होती. पाच आठवड्यांनी, पहिल्या तारखेला रुजू व्हायचं होतं. ती जागा मला हवी होती. मी वडिलांना म्हणालो, "बाबा, पितळेऐवजी कडक गनमेटलचा बुश बसवू. मंग वर्षानुवर्षं हात लावा लागत नाही."

"अन् गावाले काय सांगू? पितळ खोटं निघालं म्हणून? पेपरात तूच छापलं न?"

"चूक झाली आपली."

"झाली असन तर मायी. घडी चालून राहिली न, चालू दे."

"अन् मी?"

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि समोरचं मनगटी घड्याळ उघडलं.

मी झिजलेला जुना बुश खिशात घालून जवळच्या शहापूरला गेलो. तिथे हायवेवर राईस मिलचे सुटे भाग करणारा लेथवाला होता. त्याने बुश उजेडात धरला आणि हसला. "हे लोट्याचं पितळ हाय जी. याच्यात पानी ठेवा, वजन ठेवू नोका."

पुढच्या सोमवारी मी त्याने करून दिलेला गनमेटलचा बुश बसवला. काटे चाळीस मिनिटं थांबले होते. वडील समोरच दुकानात होते. संध्याकाळी त्यांनी काही विचारलं नाही.

त्यांच्या हिशेबाने वरचा बुश झिजत आला होता. घड्याळ मागे पडायलाच हवं होतं. रोज दुपारी रेडिओवर वेळ सांगितली की ते मान वर करून काटे पाहत. चार आठवडे मिनिटाचाही फरक पडला नाही. पहिल्या तारखेला दोन दिवस उरले असताना ते म्हणाले, "बदलवला न तू?"

"हो."

"काढलेला आन."

मी आणून दिला. लांबट झालेल्या भोकातून त्यांनी करंगळी फिरवली.

"आता चावी कोनीबी देईन," ते म्हणाले. "नगरपालिकेच्या चपराश्याले दाखवून दे, अन् तू जाय. पन हेही छापजो. चूक कोनं केली तेही लिवजो."

मी चार ओळी लिहिल्या. रुजू होण्याच्या दिवशी त्या स्वतःच घेऊन गेलो. जिल्ह्याचं पान पाहणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्या वाचल्या. "घड्याळ चालू आहे ना? मग बातमी कुठे आहे?" त्याने कागद परत दिला. मी नवा होतो. मी तो खणात ठेवला. पुढे काही वर्षांनी ते पान माझ्याकडे आलं. तेव्हाही मी तो बाहेर काढला नाही.

दिवाळीला गावी आलो तेव्हा चहावाल्याने मनोऱ्याकडे बोट दाखवलं. "आपल्या भंडाऱ्याची पितळ हाय जी. एक मिनिट इकडं तिकडं नाही!" कारागिराच्या दुकानातली चौकट जागेवरच होती.

वडिलांनी दुकानातून ते ऐकलं. मी जवळ गेल्यावर त्यांनी भिंग काढलं.

"अजून नाही छापलं?"

त्यानंतर प्रत्येक दिवाळीला त्यांनी हेच विचारलं.