भरितावर संशय

जळगावात राहून वांग्याच्या भरितावर संशय घेणारी आजवर एकच व्यक्ती झाली असेल, आणि ती नेमकी रूममेट म्हणून माझ्या वाट्याला आली. रावेरकडच्या केळीवाल्याची मुलगी, वय तेवीस. तिचं म्हणणं असं, की सहा महिने मनावर जे मळभ धरलंय, त्याचं कारण खाण्यातच कुठंतरी असणार. ते सापडलं की सुटले. मोबाइलवर तसं काहीतरी तिच्या वाचनात आलं होतं. झालं! आधी भरीत बंद, मग शेवभाजी बंद, मग मिरची. खानदेशात मिरची सोडणं म्हणजे जवळजवळ संन्यासच. मेसच्या मावशींनी तर हिला कावीळ झाली असंच धरून टाकलं.

निकाल ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. लोक जिथं दूधवाल्याचे खाडे मांडतात, त्या चौकोनांत हिचं 'मूग – ३', 'दही-भाकरी – ५'. हे तिनं आपल्या मनाला दिलेले दहापैकी गुण. घरमालकीण अक्कांना वाटलं, किराणा लिहिलाय. "दोघीच तर आहात, तीन किलो मूग कशाला गं?" त्यांनी काळजीनं विचारलं. केळ्यानं मन प्रसन्न होतं, हे तिनं एकदा घरी सहज सांगितलं, तर रावेरहून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाबरोबर केळी यायला लागली. फोनवर तिचे आबा एवढंच विचारत, "केये पोचले का बाई? खाय बरं पोटभर." ही "हो आबा" म्हणायची. एक दिवस सलग चार केळी खाऊन ती माझ्यासमोर हमसून हमसून रडली, डोळे पुसले आणि चौकोनात लिहिलं, 'केळी – १'. तिला जवळ घ्यावं की हसावं, मला कळेना. मी हसले.

माझा गोंधळच व्हायचा. खाणं बिघडलं म्हणून हिचं मन बिघडलं, की मन बिघडलं म्हणून हिला अन्न गोड लागेना? विचारलं तर म्हणाली, "मले बी तेच समजत नाही."

मग चौकोन कोरे राहायला लागले. जेवतच नव्हती, तर लिहिणार काय? चौथ्या दिवशी मी घाबरले आणि तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं आणि वेळेवर जेवायलाही. "तिन्ही एकदम! आता कशानं बरं वाटलं, ते कसं कळणार?" ही माझ्यावरच चिडली. वर्षभरात ती बरी झाली खरी. कशानं, ते आम्हा दोघींनाही आजतागायत कळलेलं नाही.

आता ती धुळ्याला नोकरी करते, भरीतही खाते. मागच्या महिन्यात भेटली, तेव्हा मी अक्कांच्या मुगांची थट्टा काढली. ती खूप हसली. मग म्हणाली, "अगं, त्यातून काही निघणार नाही, हे मले तवाच माहीत होतं. पण उद्या काय खाऊन पाहायचं ते ठरलेलं असलं, की सकाळी उठायला काहीतरी कारण राहायचं."

त्या दिवसांत मी ते चौकोन मैत्रिणींना फोनवर वाचून दाखवायचे, त्यांना हसवायला. हे तिला सांगून टाकावं असं फार वाटलं, पण माझ्याच्यानं नाही सांगवलं.