दोन टेनर आणि हबीबभाईंचा कान

हबीबभाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हॉलमधल्या सोफ्यावर दोन टेनर सॅक्सोफोन शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्याच संध्याकाळी हबीबभाई विश्रांतवाडीला माझ्या घरी येणार होते, माझ्याकडे पाठ करून बसणार होते आणि त्या दोनांतला कोणता मी घ्यायचा ते ठरणार होतं. फोनवर त्यांच्या पत्नी, सलमाभाभी होत्या. "मीनल, हे गेले गं... नाश्त्याला बसले होते..." एवढंच म्हणाल्या. मी काय बोलले ते आठवत नाही. दोन्ही वाद्यं आपापल्या पेटीत ठेवली, कुलपं लावली आणि रिक्षा पकडली. जनाजा निघाला तेव्हा मी भाभींच्या शेजारी त्यांचा हात धरून बसले होते.

बुधवार पेठेत हबीबभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसा डोळ्याला भिंग लावून बसणारा हा गृहस्थ संध्याकाळी इस्त्रीचा कोट चढवून जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात टेनर सॅक्सोफोन वाजवायचा, आणि तो वाजवायला लागला की गाणारी माणसं जरा बाजूला सरकायची. मी शाळेत मुलांना बँड शिकवते. एका कार्यक्रमात त्यांना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी थेट दुकानात जाऊन उभी राहिले. "मला हे शिकायचंय," मी म्हटलं. त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. "बाई, हे घड्याळाचं दुकान आहे. इथे वेळ दुरुस्त होते, घालवता येत नाही. संध्याकाळी घरी या." मी गेले. माझा स्वभाव माघार घेण्याचा नाही, आणि त्यांचा स्वभाव कौतुक करण्याचा नव्हता. आमचं छान जमलं. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला बसून लहान सॅक्सोफोन, म्हणजे अल्टो, वाजवला. चुकले की ते मान न वळवता फक्त भुवई उचलायचे. ती भुवई प्रेक्षकांना दिसत नसे, मला मात्र व्यवस्थित दिसे.

मग त्यांच्या छातीचं दुखणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली. दुसरा कुणी खचला असता. हबीबभाईंनी ऑर्केस्ट्राच्या मालकाला घरी बोलावून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "यापुढे टेनर या वाजवतील. बाईमाणसाला जड जाईल वगैरे म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या, नंतर ऐकणार नाही." मालक चहा पिऊन गेला. अशा रीतीने पुढचा सबंध कार्यक्रम माझ्या नावावर लागला, आणि माझ्याकडे टेनर म्हणावा तर होता एक शिकाऊ, ज्याच्या चाव्या खुळखुळ्यासारख्या वाजायच्या. मी धीर करून विचारलं, "हबीबभाई, तुमचाच द्याल का?"

"नाही," ते म्हणाले. मला राग आला आणि तो चेहऱ्यावर दिसला असणार. तेव्हा जरा मऊ होऊन म्हणाले, "अहो, त्याचा मधला डी सूर चढा लागतो. तो मी ओठाने खाली ओढतो. तुम्ही माझ्या खोडी शिकाल आणि लोक म्हणतील, हुबेहूब हबीब! तुम्हाला काय माझी झेरॉक्स काढायची आहे?"

म्हणून आम्ही कँपातल्या एका दुकानात गेलो. मी आपली मोठ्या झोकात, जे गाणं मला सगळ्यात चांगलं येतं ते पहिल्याच टेनरवर वाजवलं. दुकानातली माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी हबीबभाईंकडे पाहिलं. "गाणं चांगलं आहे," ते म्हणाले. "गाणं विकत घ्यायला आलोय का आपण?" मग त्यांनी मला कामाला लावलं. तोंडात धरून फुंकायचा माउथपीस आपला, घरून आणलेला, म्हणजे फरक पडला तर तो वाद्याचाच. चकाकी बघायची नाही. सगळ्यात खालचा सूर अगदी हळू, बाळ झोपलंय असं समजून काढायचा. भोकांवरच्या झाकणांतून हवा निसटत असेल तर तो सूर येतच नाही, घशात अडकतो. तोच सूर जोरात काढला तर वाईट वाद्यही साथ देतं, फसवतं. मग खालून वर, एकेक सूर लांबवत, कुठला दबतो, कुठला ओरडतो ते पाहायचं. दुकानदाराने बिचाऱ्याने कपाटंच्या कपाटं उघडली. दुपार होईपर्यंत माझा ओठ सुजला. शेवटी दोन उरले, एक काळपट आणि एक सोनेरी.

काळपट टेनर पहिल्या फुंकरीलाच माझा झाला. आवाज घोगरा, उबदार, खालच्या सुरांत जरा रेंगाळणारा... मी पेटी बंद करून म्हटलं, "झालं, हाच." हबीबभाईंनी ती पेटी सोनेरीच्या पेटीशेजारी सरकवली. मग दुकानदाराला म्हणाले, "दोन्ही घरी जातील. माझ्या शब्दावर." त्यांची पद्धतच होती तशी. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, तो हाडांतून ऐकतो, म्हणून निवडायचं ते ऐकणाऱ्याने, पाठ करून, कुठला चाललाय हे न विचारता. त्यांनी तेव्हाच काही ओळखलं होतं का, ते आता कोण सांगणार?

ते गेल्यावर दोन्ही पेट्या माझ्या घरी तशाच पडून राहिल्या. दुकानदाराने त्यांचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा फातिहा, होईपर्यंत एकदाही फोन केला नाही, हे त्याचं मोठेपण. पण कार्यक्रम जवळ आला. भाभींनी हबीबभाईंचा टेनर कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला. मी नको म्हटलं, कारण त्यांनीच नाही म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग तुझे दोन घेऊन ये इकडे. मी बसते पाठ करून."

"भाभी, घरात आत्ता वाजवलेलं बरं दिसेल का?"

"इतके दिवस या घरातून सॅक्सचा आवाज आला नाही, म्हणून शेजारचे काळजीत आहेत. आण."

दुपारी त्या स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून मेथी निवडत बसल्या. मी बाहेरच्या खोलीत आधी काळपट वाजवला. खरं सांगायचं तर मनातून मी तो केव्हाच घेतला होता. हा सगळा उपचार चालला होता. खालचा सूर हळूच लावला, मग एकेक सूर चढत गेले, मग एक संथ चाल वाजवली. मग सोनेरी घेतला आणि तेच सगळं पुन्हा केलं. तो जरा मोकळा, सरळ बोलणारा होता, लाडात न येणारा. थांबले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

भाभींच्या हातात मेथीची काडी तशीच होती. "पहिला वाजला ना, तेव्हा वाटलं हे बाहेर बसलेत," त्या म्हणाल्या. "आता चहासाठी हाक मारतील..."

मी लगेच म्हटलं, "मग तोच घेते, भाभी. तुम्ही कधीही म्हणा, मी येऊन वाजवून दाखवेन."

"आणि दुसरा वाजला तेव्हा वाटलं, मीनल आली." त्यांनी आता वळून पाहिलं. "कार्यक्रम कुणाचा आहे?"

"माझा."

"मग?"

 त्यांना तो आवाज माझ्याहून हजारपटीने हवा होता आणि तरी त्या असं विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी काळपट टेनर परत करायला गेले. दुकानदाराने पेटी उघडून उजेडात वाद्य फिरवून पाहिलं. "मॅडम, यात काही खोट निघाली का?" मी म्हटलं, "काही नाही. उत्तम आहे." एकदा शेवटचं वाजवून बघता का, असं तो म्हणाला, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याने पेटी बंद केली आणि आतल्या फळीवर नेऊन ठेवली. हबीबभाईंना मातीत ठेवलं त्या दिवशी मी भाभींना सावरत होते, रडायचं राहूनच गेलं होतं. ते त्या दुकानाच्या पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता पोटभर रडून घेतलं. मग सोनेरी टेनरची पेटी खांद्याला अडकवली आणि तालमीला गेले.