आबांची मिटिंग

मी माझ्या वडिलांना मारलं आहे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि कावीळ झाल्यावर "किती पिता?" म्हणून विचारणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

आबा फौजेतून सुभेदार होऊन परत आले. स्वतः कधी थेंब घेतला नाही, पण कँटीनच्या कार्डावर महिन्याला रम मिळायची, ती पाहुण्यारावळ्यांसाठी म्हणून आणायचे. पाहुणा मीच होतो. एका महिन्यात ते साताऱ्याहून आले आणि पिशवीतून साबण निघाला, चहापत्ती निघाली, बाटली निघाली नाही. मी विचारलं. ते म्हणाले, "आता न्हाई आणायची." मी तोंडावर मारलं. पुढचा दात पडला.

आई रानात होती. ती आली तेव्हा आबा ओट्यावर तोंडाला रुमाल लावून बसले होते. म्हणाले, "एसटीतनं उतरताना पडलो." माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर आबा दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायला लागले. विचारलं की म्हणायचे, "मिटिंग हाय." माजी सैनिकांची असेल, असं आम्ही धरून चाललो. आई मागून सांगायची, "आवं, उतरताना दांडा धरा." वर्षभर हे चाललं. मग गुडघे गेले आणि मिटिंग बंद झाली. मी पीतच होतो.

काविळीतून उठलो तेव्हा डॉक्टरांनी एक कागद हातात दिला. दारू सोडू बघणाऱ्यांच्या मिटिंगा कुठं कुठं भरतात ते त्यावर होतं. सातारा नको, तिथं आमचा निम्मा जावळी तालुका भेटतो. कराडला सासुरवाडी. सांगलीत मेव्हणा नोकरीला. विट्यात आमचं कुणीच नव्हतं. घरी म्हणालो, विट्याला जरा काम आहे. आबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "कराडला गाडी बदल. विट्याची मागच्या अंगाला लागती. पुढं हुबा ऱ्हाशील आन् चुकशील."

ह्यांना कसं माहीत, हे तेव्हा मनात आलं नाही.

शाळेची खोली होती. पोरांच्या बाकांवर आठ-दहा मोठी माणसं, गुडघे फळीला टेकलेले. नाव तेवढं सांगायचं, आडनाव नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकायचं. मी म्हणालो, आज ऐकतो. चार रविवार मी ऐकतच राहिलो. चौथ्या रविवारी चहाच्या वेळी एक साठीचा माणूस शेजारी येऊन बसला. कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवून, ते दारूत घालवून गावी परतलेला.

"गड्या, मिठाची गुळणी धरलीयास का तोंडात?"

"माझं सांगण्यासारखं न्हाई."

"समद्यांचं तसंच असतंय. हितं एक मिल्ट्रीतला म्हातारा यायचा. तीन म्हैने गप. मग एक दिवस हुबा ऱ्हायला आन् म्हणला, मी दारुडा हाय. बापानं कँटीनमधनं बाटलीच्या जागी साबण आणला म्हणून मी बापाच्या तोंडावर दिली. दात पाडला त्याचा."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

पलीकडच्या बाकावरचा एकजण हसला. "आन् ह्यो त्याला इचारतोय, बाप हाय का अजून? म्हातारा म्हणला, हाय की. आता म्हातारा सोता पंच्याहत्तरचा, म्हंजी त्याचा बाप शंभरीला टेकलेला, आन् तरी कँटीनला जातोय. लय चिवट घराणं म्हणायचं."

"हसू नगं," पहिला म्हणाला. "दर येळी त्याचं एकच. मारलेल्या पोरानं आता बापापुढं यायचं कसं, तेवढं सांगा. आमी म्हणलं, जावा आन् पाय धरा. तर म्हणला, त्याला लाज वाटती." बोलता बोलता तो थांबला. "'मला' न्हाई म्हणला. 'त्याला' म्हणला. माझ्या तवा ध्यानातच आलं न्हाई."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातला कप काढून घेऊन बाकावर ठेवला. मी उठून स्टँडकडे निघालो.

कराडपर्यंत मला रस्ता दिसला नाही. माझ्यासाठी आबा दोनदा खोटं बोलले होते. एकदा आईशी, आणि एकदा त्या खोलीत, परक्या माणसांपुढं उभं राहून. कुणी ओळखू नये म्हणून मी लांबचं गाव शोधलं, तसंच त्यांनीही शोधलं होतं. लाज मात्र माझी होती. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन-दोन गाड्या बदलून ती ते घेऊन जात होते.

घरी पोचलो तेव्हा ते ओट्यावर होते.

"अजून गुळाचाच चा देत्यात व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. वाकायला हवं होतं. तेवढ्यात आई बाहेर आली आणि मी गोठ्याकडे निघून गेलो.

त्याला सव्वा वर्ष झालं. दारू बंद आहे. विट्याला मी आता बोलतो, सगळं सांगतो, हे एक सोडून. आई रविवारी मलाही बजावते, "उतरताना दांडा धर. तुझं आबा असंच पडलं हुतं."

आबांचे पाय धरायचे राहिलेत. आणि ते एसटीतून पडले नव्हते, हे आईला सांगायचं राहिलंय. तिला वाचता येत नाही, म्हणून हे लिहून भागणार नाही. दोन्ही माझ्याकडून अजून झालेलं नाही.